बारा कप्प्यांची थैली

माणसं अजून पायीच चालत होती, आणि लांबच्या वाटेला निघालेल्याला घरचे लोक वेशीपर्यंत पोचवायला येत होते, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

एका राज्यात एक मोठा डोंगर होता. इतका मोठा, की त्याला वळसा घालून यायला वर्ष लागे. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराच्या पूर्व दरवाजातून वाट निघे, घाट चढे, दऱ्या उतरे, आणि डोंगराला पूर्ण फेरी घालून पश्चिम दरवाजातून पुन्हा नगरात येई. या वाटेवर निरनिराळ्या कसबांची गावं होती. कुठे कुंभार, कुठे विणकर, कुठे रंगारी. ज्याला काही शिकायचं असे, तो ही वाट धरी.

वाटेचा नियम एकच होता. डोंगर कायम उजव्या हाताला ठेवायचा. निघालेल्या माणसानं मागे फिरायचं नाही. असं का, हे कुणालाच नीट सांगता येत नसे, पण राजापासून गुराख्यापर्यंत सगळे ते पाळत. काही विसरलं तर विसरलं. काही चुकलं तर पुढे जाऊन सुधारायचं.

पूर्व दरवाजाला लागूनच निंबाजी शिंप्याचं दुकान होतं. तो थैल्या शिवायचा. पाठीवर घ्यायच्या, दोन खांद्यांवर दोन पट्टे असलेल्या मोठ्या थैल्या. कापड दुहेरी, शिवण तिहेरी, तळाला चामडं. वाटेला निघालेला प्रत्येक जण त्याच्या दुकानावरूनच जाई, आणि बहुतेक जण थैली घेऊन पुढे जात.

निंबाजीला आपल्या कामाचा अभिमान होता. तो म्हणे, इतकी वर्षं थैल्या विकतोय, आजवर एकही माणूस तक्रार घेऊन आलेला नाही. शेजारचा हलवाई त्यावर म्हणायचा, "माझ्याकडे तर रोज कुणी ना कुणी येतं. परवाची जिलबी आंबट होती, कालची मऊ होती. तुझं नशीब थोर, बाबा." निंबाजी हसायचा. हे नशीब नसून हातातली कला आहे, असं त्याला मनातून वाटे.

तो स्वतः त्या वाटेवर कधी गेला नव्हता.

निंबाजीला एक मुलगी होती, सगुणा. बापाच्या दुकानातल्या चिंध्यांशी खेळत ती मोठी झाली. तिला शिवणात रस नव्हता, रंगांत होता. हळदीचा पिवळा आणि पळसाचा केशरी तिनं घरच्या घरीच साधला होता. तिला हवा होता निळा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला निळीचे रंगारी राहत. त्यांच्यासारखा निळा कुठेच होत नसे. ते शिकवत सगळ्यांना, पण आधी हात पारखून घेत. निळीच्या हौदाची ऊब बोटांनी ओळखावी लागते. जास्त झाली तर रंग मरतो, कमी झाली तर धरत नाही. ज्याच्या बोटांना ते कळतं, त्यालाच ते ठेवून घेत.

सगुणाच्या उजव्या हाताची बोटं तशी होती. दुधाला हात लावून ते विरजायला योग्य झालं की नाही, हे ती आईच्याही आधी सांगायची. सणावाराला शेजारणी त्यासाठी तिला हाक मारून नेत. तेव्हा ती निळीसाठी निघते म्हणाली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. निंबाजीही नको म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

सगुणानं त्याच्याकडे एक लहान थैली मागितली. एका हातानं उचलता येईल आणि पळता येईल अशी.

"पळायचंय कशाला?" निंबाजी म्हणाला.

"पळायचं नाही हो, बाबा. पण पळता यावं."

निंबाजीनं मान डोलावली आणि मोठी थैली शिवायला घेतली. त्याच्या डोळ्यांपुढे घाट होता, पाऊस होता, वाटेतला ताप होता, फाटलेली वहाण होती. एकेक संकट आठवे आणि त्यासाठी तो एकेक कप्पा लावी. दोरीचा कप्पा. औषधी मुळ्यांचा कप्पा. सुई-दोऱ्याचा, चकमकीचा, जादा वहाणांचा. असे बारा कप्पे झाले. एवढी सुंदर थैली त्यानं आयुष्यात शिवली नव्हती.

मग ती भरायला सगुणाची आई येसू बसली. ती काही हट्टी बाई नव्हती. पण थैलीत जागा दिसली की तिचा हात थांबेना. मेतकूट झालं, लाडू झाले, सांडगे झाले, दोन गोधड्या झाल्या. सगुणा म्हणाली, आई, पुरे. येसू म्हणाली, "अगं, जागा आहे ना? मग रिकामी कशाला न्यायची?" आणि तिनं तांब्याचा तांब्याही आत बसवला.

निघायच्या दिवशी निंबाजीनं आणि हलवायानं दोन बाजूंनी धरून थैली सगुणाच्या पाठीवर चढवली. पट्टे घट्ट केले. सगुणा क्षणभर मागे झुकली, मग पुढे वाकून तिनं तोल सावरला. निंबाजीनं चहूबाजूंनी फिरून पाहिलं. शिवण कुठे ताणली नव्हती.

"कशी बसली?" त्यानं विचारलं.

सगुणानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "छान बसली," ती म्हणाली, आणि पूर्व दरवाजातून बाहेर पडली.

वर्ष गेलं. सगुणाबरोबर निघालेले लोक पश्चिम दरवाजातून एकेक करून परत येऊ लागले. निंबाजी दुकान टाकून रोज तिकडे जाऊन उभा राही. आला त्याला विचारी. कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी एका विणकरानं सांगितलं, की मुलगी पहिल्याच घाटात मागे पडली होती. फार हळू चालत होती. आम्ही काही वेळ थांबलो, मग तीच म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

निंबाजीनं दुकानाला कुलूप घातलं. स्वतःसाठी त्यानं दुकानातली सगळ्यात मोठी थैली काढली. येसूनं ती भरली. अर्ध्याहून जास्त सामान सगुणासाठीच होतं, कारण ती कुठे, कशा अवस्थेत सापडेल कुणास ठाऊक. हलवायानं थैली चढवायला हात लावला आणि निंबाजी वाटेला लागला.

नगर दिसेनासं होण्याआधीच त्याला एक गोष्ट कळली. ही थैली उतरवली, तर एकट्याला पुन्हा चढवता येत नाही. वाटेत सावली होती, पाणी होतं, बसायला हिरवळ होती. पण निंबाजी बसू शकला नाही. बसायचं तर कमरेइतका उंच पार किंवा भिंत हवी. थैली तिच्यावर टेकवायची आणि मग पट्ट्यांत हात घालायचे. असा पार दिसेपर्यंत तो चालतच राही. दुकानात गिऱ्हाइकाच्या पाठीवर थैली चढवायला तो स्वतः हजर असायचा. वाटेवर कोण असणार, हा विचार त्याला इतक्या वर्षांत शिवला नव्हता.

पहिल्या मुक्कामाला एक धर्मशाळा होती. ठकूबाई नावाची बाई ती सांभाळे. निंबाजी ओसरीवर आला आणि थबकला. ओसरीभर त्याच्या थैल्या होत्या. एकीत पेंढा भरून तिची गादी केली होती. एकीत कांदे होते. एक भिंतीला टांगली होती आणि तिच्यातून शेळी कडबा ओढून खात होती. कोपऱ्यातल्या एका थैलीत कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिनं मान वळवून निंबाजीकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"या थैल्या माझ्या दुकानातल्या आहेत," निंबाजी म्हणाला. त्याच्या स्वरात थोडा अभिमान होता. कापड इतक्या वर्षांनीही फाटलं नव्हतं.

"अगं बाई, तुम्हीच का ते?" ठकूबाई म्हणाली. "कापड दणकट हं. कोंबड्यांना दुसरं काही आवडतच नाही."

मग ती बोलत राहिली आणि निंबाजी ऐकत राहिला. लोक इथवर येतात, खांदे चोळतात, थैली उपडी करतात. आपल्याला काय लागलं आणि काय नाही, हे पहिल्या मुक्कामालाच कळतं. लागतं तेवढं धोतरात नाहीतर लुगड्यात बांधून घेतात आणि पुढे जातात. बाकीचं इथेच राहतं. सांडगे तर तिनं वर्षानुवर्षं विकत घेतले नव्हते.

निंबाजीनं जवळच्या थैलीची शिवण चाचपली. मग म्हणाला, "मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही."

"सांगायला मागे कोण फिरणार, दादा? डोंगर डाव्या हाताला नाही का येणार? आणि वर्षभरानं पश्चिम दरवाजाला पोचतात, तेव्हा घरची ओढ असते. टाकून दिलेल्या थैलीबद्दल बोलायला कोण सगळं नगर ओलांडून तुमच्याकडे येतं?"

निंबाजीनं सगुणाबद्दल विचारलं. वर्ष झालं होतं, पण ठकूबाईला ती आठवत होती. कारण इतक्या लोकांत तिनं एकटीनंच थैली टाकली नव्हती.

"मी तिला म्हटलं, पोरी, ठेव ही इथं. तुझ्याहून मोठी आहे. मुलगी उमदी होती, हसली. म्हणाली, नाही, बाबांनी शिवलीय."

निंबाजी त्या रात्री जेवला नाही. सकाळी ठकूबाईनं त्यालाही सांगितलं, की ओझं इथेच टाका आणि हलके होऊन जा. त्यानं ऐकलं नाही. पोरीनं वाहिलं, ते आपण का टाकावं, असं म्हणून त्यानं थैली ओसरीच्या कठड्यावर टेकवली, पट्ट्यांत हात घातले आणि तो निघाला.

घाटात पट्टे खांद्यांत रुतले. आधी दुखलं, मग जळजळलं, मग दुखायचं थांबलं. निंबाजीला बरं वाटलं. पण थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येताहेत, आणि काठी हातात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तो घाबरला. वाटेकडेच्या एका धोंड्याला थैली टेकवून त्यानं हात सोडवले आणि खाली बसला. बोटांत जीव येईपर्यंत बसून राहिला.

मग त्यानं थैली उघडली. कप्प्यांमागून कप्पे. दोरी सोडलेली नव्हती. मुळ्यांची पुरचुंडी येसूनं बांधली तशीच होती. घर सोडल्यापासून त्यानं वापरलं होतं ते एक घोंगडं, एक तांब्या आणि थोडं पीठ. बाकी सगळं त्याच्या काळजीचं सामान होतं. काळजी त्याची होती, पण ती आजवर दुसऱ्यांच्या पाठीवरून गेली होती.

घोंगडं, तांब्या आणि पीठ त्यानं उपरण्यात बांधलं. थैली धोंड्याच्या आडोशाला ठेवली आणि घाट चढून गेला.

घाटापलीकडे लाल रंगवणाऱ्यांचं गाव होतं. ओढ्याच्या काठानं लाल कापडं वाळत होती. एका हौदापाशी सगुणा बसली होती. ती डाव्या हातानं कापड ढवळत होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता.

बापाला पाहून ती उठली. मग निंबाजीनं तिचा उजवा हात हातात घेतला. तो ऊन होता, पण मिटत नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. घाटात हाताला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला. तिला वाटलं, थकव्यानं असेल. इथे पोचली तेव्हा हात खांद्यापासून लोंबत होता. गावच्या वैदूनं तेल लावलं, शेक दिला. म्हणाला, ओझ्यानं शीर दबली आहे, वेळ लागेल. रंगाऱ्यांनी ठेवून घेतलं आणि लाल शिकवला. हात हळूहळू सुधारत होता. खांदा हलू लागला, कोपर वाकू लागलं. बोटं मात्र अजून जागी झाली नव्हती.

"तुमची थैली कुठाय?" तिनं मधेच विचारलं.

"घाटात ठेवून आलो."

सगुणानं खोपीकडे पाहिलं. तिथे खुंटीला तिची थैली टांगलेली होती. झटकून, पुसून, नव्यासारखी.

"तुम्ही सांगितलं असतंत, तर मीही ठेवली असती," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर निंबाजीला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती थैली खुंटीवरून काढली आणि उसवायला घेतली. या वेळी त्यानं सगुणाला समोर बसवलं. तिला विचारलं, वर्षभरात काय काय लागलं? तिनं एकेक वस्तू जमिनीवर मांडली. ढीग एवढासा झाला. मग त्यानं तिची पाठ मोजली, मानेपासून कमरेपर्यंत. एवढी वर्षं तो कापडाचा ताका मोजून थैल्या शिवत होता. गिऱ्हाइकाची पाठ त्यानं कधी मोजली नव्हती.

खांद्याचे पट्टे किती रुंद हवेत, असं त्यानं विचारलं, तर सगुणा म्हणाली, "खांद्यावर कशाला, बाबा? भरलेली घागर बायका कुठे घेतात? कमरेवर."

निंबाजीनं सुई खाली ठेवली. घरात रोज येसू घागर घेऊन येत होती आणि त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं कमरेला रुंद, मऊ पट्टा लावला. खांद्याचे पट्टे फक्त तोल सांभाळायला ठेवले. शेवटी हातात कापडाचा एक तुकडा उरला. तो त्यानं बाजूला लावून पाहिला. एखादा लहानसा कप्पा, वेळेला असावा म्हणून. सगुणा नुसती पाहत राहिली. निंबाजीनं तुकडा काढून ठेवला आणि दोरा तोडला.

मागे फिरता येत नव्हतं, म्हणून बापही तिच्याबरोबर पुढे निघाला. वाटेवर ती थैली डाव्या हातानं उचले, कमरेला बांधे आणि चालू लागे. कुणाची मदत लागत नसे. वाट वळत वळत डोंगराच्या पलीकडे गेली. एकेक करून सगुणाची तीन बोटं जागी झाली. अंगठ्याची चिमटी बसू लागली. दोन बोटं मात्र तशीच राहिली.

निळीच्या गावात म्हाताऱ्या रंगाऱ्यानं तिला तीन हौदांपाशी नेलं. यातला कुठला तयार आहे, ते हात घालून सांग, म्हणाला. सगुणानं उजवा हात घातला. मग डावा घातला. पुन्हा उजवा. निंबाजी कुंपणाबाहेर उभा होता. हौदांतून हलकी वाफ येत होती. म्हातारा घाई करत नव्हता. सगुणा एका हौदापाशी थांबली, तिनं बोट केलं, मग मान हलवली आणि दुसऱ्या हौदाकडे बोट केलं.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी सांगितलं.

ती बाहेर आली. "नाही म्हणाले," तिनं सांगितलं. "म्हणाले, हात गुणी होता."

सगुणानं थैली उचलून कमरेला बांधली आणि गाठ नीट बसली का ते चाचपून पाहिलं.

"चला, बाबा," ती म्हणाली. "पिवळा रंगवणाऱ्यांचं पुढचं गाव उजेडात गाठायचंय."

दोघं पश्चिम दरवाजातून नगरात आले. पुढे सगुणा लाल रंगासाठी त्या राज्यात नावाजली. लोक तिच्याकडे दुरून कापड घेऊन येत. निळं करायला कापड कुणी आणलं, तर ती ते डोंगरापलीकडच्या गावाला पाठवी. दुधाला हात लावायला शेजारणींनी तिला पुन्हा कधी बोलावलं नाही, कारण तिनंच तसं सांगून ठेवलं होतं.

निंबाजीनं पूर्व दरवाजाचं दुकान सोडलं आणि पश्चिम दरवाजाला मांडलं. लोक म्हणाले, म्हातारा खुळावला. जिथून लोक परत येतात तिथे थैल्या कोण घेणार? पण निंबाजी सकाळी गूळ-पाणी घेऊन बसे. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देई आणि विचारी, कुठे दुखलं? ज्यांना वाटेला जायचं होतं ते नगर ओलांडून त्याच्याकडे येऊ लागले. त्यांना तो आधी पाठ मोजायला उभं करी, आणि बरोबर आलेल्या आईबापांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगे.

काळजी ज्याची असेल त्यानंच ती वाहावी. दुसऱ्याची थैली मात्र त्याच्याच पाठीला विचारून शिवावी.